जमिनीवरून उठताना

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पहाटे पाचला सांगलीहून भाच्याचा फोन. ताई पडली. साडेतीनच्या सुमारास बाथरूमला उठली, सुनेची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. दारातलं पायपुसणं सरकलं आणि ती उजव्या कुशीवर आपटली. हाक ऐकू जाईपर्यंत अर्धा तास थंड फरशीवर पडून होती. उजव्या खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन.

ताई ७४ वर्षांची, मी ६६. दुपारच्या एसटीने निघते आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी वॉकर आणून ताईला उभं केलं. ती ओरडली, भाचा कळवळला, मीही म्हणाले, "एवढ्यात कशाला? चार दिवस पडू द्या की तिला." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हाड मी बसवलंय. आता मला भीती आहे ती खाटेची."

मग व्हरांड्यात थांबून त्यांनी नीट समजावलं. खुबा मोडलेल्या वयस्क माणसांपैकी साधारण पाचांतला एक वर्षाच्या आत दगावतो. हाड मोडून माणूस जात नाही, त्यानंतर पडून राहतो त्याने खचतो. छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात आणि स्नायू बघता बघता जातात. अमेरिकेत साठी-सत्तरीतल्या काही धडधाकट माणसांना मुद्दाम दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. "आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

रात्री ताईच्या उशाशी बसून मागचं सगळं आठवत होते. पाच वर्षांपूर्वी तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हापासून आम्ही सगळे तिला एकच शब्द सांगत आलो: जपून. जिना नको, जपून. बाजारात जाऊ नकोस, जपून. खाली बसू नकोस. खाट उंच झाली, पूजा खुर्चीवर आली, पाण्याचा तांब्या हातात मिळायला लागला. सून गुणाची आहे, तिने सगळं मायेने केलं. मी स्वतः दर फोनवर "तू बस गं, ती करेल" म्हणत होते. पाच वर्षं ताई बसली. पायपुसणं सरकलं तेव्हा तोल सावरायला जे पाय लागतात ते तिच्याकडे उरलेच नव्हते.

पायपुसणं माझ्याही दारात आहे.

२ मार्च, रविवार

पुण्याला परत. घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की स्वतःची परीक्षा घेतली. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.

हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं, पुन्हा बसायचं, असं तीस सेकंदांत किती वेळा होतं? ह्यांनी घड्याळ धरलं. आठ. ६५ ते ६९ वयाच्या बाईला निदान अकरा जमायला हवेत. त्याहून कमी म्हणजे पडण्याचा धोका जास्त. एका पायावर उभं राहणं: उजव्यावर सात सेकंद, डाव्यावर चार. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ७५ वयाच्या सतराशे लोकांना हीच दहा सेकंदांची परीक्षा दिली आणि पुढची सात वर्षं त्यांची नोंद ठेवली. ज्यांना दहा सेकंद जमले नव्हते त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांहून ८४ टक्के जास्त निघाला. एका पायावर उभं न राहिल्याने कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण शरीर आतून किती खचलंय ते तेवढ्यात दिसतं.

मग जमिनीवर बसले. बसताना धपकन बसले. उठताना आधी गुडघ्यांवर आले, मग सोफ्याची कड धरली, आणि तरी ह्यांनी दंडाला धरून वर घेतलं. शेवटची जमिनीवर कधी बसले होते ते आठवेना. आमच्या घरी २००९ साली डायनिंग टेबल आलं. त्याआधी दोन वेळचं जेवण, भाजी निवडणं, शेंगा फोडणं, पूजा, दिवसातून आठ-दहा वेळा मी पाटावरून उठत होते आणि तो व्यायाम आहे हे मला ठाऊकही नव्हतं.

१० मार्च, सोमवार

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा रिपोर्ट आला. मणक्याचा स्कोअर उणे २.६, खुब्याचा उणे १.९. निरोगी तरुण बाईच्या सरासरीशी ताडून हा आकडा काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली रेघ ओढली ती उणे २.५ वर. त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी माझी उंचीही मोजली. लग्नात पाच फूट दोन इंच होते, आज दीड इंच कमी भरली. इतकी उंची गेली की मणका न कळत दबलेला असू शकतो, म्हणून पाठीचा एक्सरे काढायला लावला. मणका दबलेला नाही, सुदैवाने.

कधीच काही दुखलं नव्हतं. हेच या दुखण्याचं वाईट आहे.

डॉक्टर समजावून सांगणाऱ्या आहेत. हाड म्हणजे भिंतीतला दगड नव्हे, त्यात रोज मोडतोड आणि रोज बांधकाम चालू असतं. वर्षाकाठी सांगाड्याचा साधारण दहावा भाग नवा होतो. तिशीपर्यंत बांधकाम पुढे असतं, मग हळूहळू मोडतोड पुढे जाते, आणि बाईची पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. बांधकाम कुठे करायचं हे शरीर भार बघून ठरवतं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच हे मांडलं होतं. अंतराळवीरांच्या अंगावर भारच नसतो, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याहून जास्त झिजतं. तरुण, निवडून घेतलेल्या माणसांचं! ताईची खाट आणि त्यांचं यान यांत हाडाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

मी उत्साहाने म्हणाले, "मग उद्यापासून सूर्यनमस्कार घालते." त्या म्हणाल्या, "ते मात्र नको."

हे मला लागलं. आमचे वडील औंधच्या शाळेत शिकले. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि वडील पंचाहत्तरी उलटेपर्यंत रोज पहाटे घालत. आमच्या घरात व्यायामाला दुसरा शब्दच नव्हता. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते असं. १९८४ साली मेयो क्लिनिकमध्ये ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांचे गट करून त्यांना वेगवेगळे व्यायाम दिले. पाठ मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के बायकांचे मणके नव्याने दबले. कंबरेतून पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्क्यांचे. ठिसूळ मणक्याला पुढे वाकणं सोसत नाही, कारण सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. म्हणून पश्चिमोत्तानासन नाही, हस्तपादासन नाही, खाली पडलेली वस्तू उचलताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत वाकायचं. भुजंगासन हलकं, चालेल. सूर्यनमस्कार वाईट नाहीत. चाळिशीत रोज घालत राहिले असते तर कदाचित आज मला हे ऐकावं लागलं नसतं. पण उणे २.६ ला ते माझ्यासाठी नाहीत, आणि हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. सोसायटीच्या योगवर्गात साठीपुढच्या कितीजणी आपला आकडा माहीत नसताना रोज कपाळ गुडघ्याला टेकवतात.

शिवाय आठवड्यातून एक गोळी. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. व्यायाम गोळीच्या जागी नाही आणि गोळी व्यायामाच्या जागी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

१६ मार्च, रविवार

फिजिओथेरपीची मुलगी घरी आली. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, पण हात पक्का. तिने आधी घर बघितलं, मग माझी चाल, मग माझ्या चपला. मागून मोकळ्या स्लिपर त्याच क्षणी बाजूला ठेवायला लावल्या.

हे मध्येच म्हणाले, "मला काळजी नाही, मी रोज पाऊण तास चालतो." ती म्हणाली, "काका, चाला, हृदयाला चांगलं आहे. पण नुसत्या चालण्याने पडणं टळतं असं अजून ठामपणे दिसलेलं नाही." २०१९ मध्ये १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून एक मोठा आढावा निघाला. व्यायाम करणाऱ्यांचं पडणं एकूण २३ टक्क्यांनी कमी झालं होतं. जिथे तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम दोन्ही होते तिथे ३४ टक्क्यांनी. ह्यांचा चेहरा उतरला. वीस वर्षं नेमाने चालणाऱ्या माणसाला हे ऐकणं सोपं नाही. पण मग ह्यांनीही खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी उठाबशा काढल्या, हे मी इथे लिहून ठेवते.

तिने दिलेले व्यायाम न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घडवलेल्या पद्धतीवरचे आहेत. ऐंशीच्या पुढच्या बायकांना घरच्या घरी करता यावेत असे. त्यांनी पडणं एक तृतीयांशाने कमी झालं. ओट्याला हात टेकून टाचा उचलायच्या, मग चवडे. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, आणि उठण्यापेक्षा बसणं सावकाश, चार आकडे मोजत. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून पाय मागे, बाजूला. हॉलमधल्या फरशीच्या रेघेवरून टाच चवड्याला टेकवत सरळ चालायचं. खेकड्यासारखं बाजूला चालायचं, कारण खुबा मोडतो तो बहुतेकदा बाजूला पडून, आणि बाजूला तोल सावरणारे स्नायू सरळ चालण्यात पुरेसे वापरलेच जात नाहीत. हे मला नवीन होतं.

"सोपं वाटायला लागलं की बदलायचं," ती म्हणाली. "हात धरून जमलं की एक बोट. एक बोट जमलं की काहीच नाही. थोडं डगमगलं पाहिजे काकू, नाहीतर शरीर शिकत नाही." डगमगताना धरायला ओटा हाताशी हवा आणि पहिले काही दिवस घरात कुणीतरी हवं, हेही तिनेच बजावलं.

आठवड्यातून निदान तीन दिवस. मी रोज करणार आहे.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी ह्यांनी उभारली. मी स्टुलावर चढले नाही, आणि त्यांनाही चढू दिलं नाही. वर बांधायला शेजारचा मुलगा आला. खुर्चीची परीक्षा: नऊ.

घरातलं काम एका सकाळी झालं. पायपुसण्याखाली रबरी जाळी, बाथरूममध्ये भिंतीला दोन कठडे, पलंगापासून संडासापर्यंत झिरोचे दोन दिवे, टीव्हीची वायर भिंतीकडेने. नातवाच्या मोटारींना खोका. रक्तदाबाच्या गोळीने मला उठताना क्षणभर अंधारी येते, ती डॉक्टरांना सांगितली. त्यांनी गोळीची वेळ बदलली. ताईकडे फोन करून विचारलं तर ती रोज झोपेची गोळी घेत होती, आणि ती चालू आहे हे तिच्या नव्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१० मे, शनिवार. सांगली

आठ दिवसांसाठी आले आहे. ऑपरेशनला अकरा आठवडे होऊन गेले. हाड छान जुळलंय. ताई खाटेवर आहे.

तिचा पाय बरा आहे, भीती बरी झालेली नाही. वॉकर पुढे आणला की ती दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरते, बोटांची पेरं पांढरी होतात. "मी नाही पडणार पुन्हा. मी इथेच बरी." सून म्हणाली, "मावशी, त्यांना नको असेल तर राहू द्या ना. मी करते सगळं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्री जाग आली नाही, हे तिच्या मनातून जात नाही.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाले, "अगं, तू काही कमी केलं नाहीस. आपण सगळ्यांनी जास्त केलं."

१३ मे, मंगळवार

तीन दिवस व्यायाम हा शब्द काढला नाही. पहिल्या दिवशी लोणच्याच्या कैऱ्या ओट्यावर ठेवल्या आणि ताईला म्हटलं, फोडी तुझ्या मापाच्या हव्यात, मला जमत नाहीत. ते खरंच आहे, मला जमत नाहीत. ती वॉकर धरून सात पावलं आली, खुर्चीवर बसली. मसाल्याची बरणी मी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवली होती. ती ओट्याला धरून उभी राहिली, मीठ मापलं, मोहरीची डाळ मापली. चार मिनिटं. मी मागे उभी होते, हात न लावता, आणि हात न लावणं मला किती जड गेलं ते मीच जाणते.

काल ती दोनदा उठली. आज दुपारी माझी वाट न बघता स्वतः उठून हळदीचा डबा उघडून बघितला. भाच्याने "आई, जपून" म्हणायला तोंड उघडलं आणि सुनेने त्याच्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यासाठी मी त्या मुलीला आयुष्यभर मानेन.

तिथल्या फिजिओला आठवड्यातून तीनदा यायला सांगितलं आहे. कंबरेला पट्टा बांधून, मागून धरून, बाजूची पावलं.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात. पेठेतल्या एका शाळेत उतरलेल्या दिंडीला दरवर्षीसारख्या पोळ्या घेऊन गेलो. पंक्ती बसल्या होत्या. माझी नजर आज फक्त एकाच गोष्टीवर. सत्तरी ओलांडलेल्या बायका, हातात पत्रावळ, आणि हात न टेकता मांडीवरून उभ्या राहत होत्या. डोक्यावर तुळस घेऊन एवढी वाट चालायची म्हणजे मान, पाठ आणि तोल एका रेषेत ठेवावा लागतो.

पण कष्टाने हाडं आपोआप मजबूत होतात, असं मी त्यावरून म्हणणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरीब घरांतल्या तीस ते साठ वयाच्या बायकांच्या हाडांची घनता मोजली होती, ती कमी भरली. भार हवा, आणि ताटात माती-विटाही हव्यात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिळतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. त्याबरोबर डाळ, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. बायका घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खातात, आणि उरते ती बहुधा पोळी. उसळ आधीच संपलेली असते.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर. रात्री अकरापर्यंत मुलींनी झिम्मा, पिंगा, बसफुगडी, लाट्या असे सगळे खेळ घातले. जिना चढून वर येताना जाणवलं, की हाडाला जे लागतं ते सगळं यात आहे: उडी, आपटणारी टाच, गिरकी, बसून उठणं, कुणाच्या तरी हाताला धरून तोल. पोहण्याने आणि सायकलीने हाडाला फारसं मिळत नाही, उड्या मारण्याने मिळतं, आणि सर्वांत जास्त मिळतं ते वाढत्या वयात. आठवी-नववीच्या मुली कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसल्या होत्या, त्यांना मी हाताला धरून रिंगणात ओढलं.

मी झिम्मा खेळले. फुगडीला नाही म्हटलं. कंबरेतली ती ओढ माझ्या मणक्याला नको. आमच्यातल्या एकीने, सत्तरीतल्या, तीस वर्षांनी आज एकदम फुगडी घातली आणि गरगरून भिंतीला टेकली. पडली नाही. वर्षभर काही न करता एका रात्री सगळं करू नये, एवढं मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

आता मी पाच किलोची पिशवी दोन्ही हातांनी, पाठ सरळ ठेवून, स्टुलावरून उचलते. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या बायकांना देखरेखीखाली खरोखरीची जड वजनं उचलायला लावली, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. आठ महिन्यांत कंबरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. फिजिओने हे सांगितलं तेव्हा मी लगेच दहा किलोवर जायला निघाले होते. तिने थांबवलं. पाठ वाकवून उचललेलं वजन दुप्पट वाईट, आधी पाठ शिकू दे.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

गेली सहा वर्षं मी गौरींची पूजा उभ्याने केली, पळी-पंचपात्र टेबलावर ठेवून. आज पाट मांडला. सावकाश खाली बसले, धपकन नाही. सोळा भाज्या, पुरणपोळी, घावनघाटल्याचा नैवेद्य दाखवला, आरती झाली. उठताना डावा गुडघा टेकला, उजवा पाय पुढे रोवला, एक हात मांडीवर ठेवला आणि उभी राहिले. सोफा धरला नाही. ह्यांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

खुर्चीची परीक्षा सकाळीच दिली होती: तेरा. डाव्या पायावर अकरा सेकंद. डेक्सा पुढच्या वर्षी. हाडाला आकडा हलवायला वेळ लागतो, तोल आणि ताकद मात्र काही आठवड्यांतच हलते.

संध्याकाळी ताईचा फोन. अंगणातल्या तुळशीपर्यंत काठी घेऊन एकटी जाऊन आली. सुनेने घड्याळ धरलं आणि तिने खुर्चीवरून उठाबशा काढल्या, हात न लावता. नऊ झाल्या. तिच्या वयाला दहा लागतात.